स्प्लेंडरचं इंजिन छोट्या जीपमध्ये बसवलं, आता सीडीआय वारंवार जळतोय: कारण आणि इलाज

तक्रार जवळपास ठरलेली असते. जुन्या हिरो होंडा स्प्लेंडरचं इंजिन भंगारातून आणलं, स्टँडला बांधून किक मारली आणि ते लगेच सुरू झालं. मग ते शेतावर फिरायला किंवा पोरांसाठी बनवलेल्या छोट्या जीपमध्ये बसवलं, डॅशबोर्डला चारचाकीची चावी लावली, वायरिंग छान टेप मारून ओढलं, आणि आता प्लगला करंटच येत नाही. सीडीआय (प्लगला ठिणगीचा करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलला की थोडं चालतं, परत करंट गायब. दुकानदार म्हणतो माल हलका लागला, मॅकेनिक म्हणतो मॅग्नेटची (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाची) कॉइल गेली, आणि घरात मेलेल्या सीडीआयची रांग लागते.

पुढचा सीडीआय विकत घेण्याआधी चावीकडे बघा. अशा बहुतेक गाड्यांत विकत आणलेल्या सीडीआयचा मालही चांगला असतो आणि कॉइलही. चारचाकीची चावी आणि बाइकचं इग्निशन एकमेकांच्या उलट वागतात, आणि ते लक्षात न घेता दोन तारा जोडल्या की सीडीआय मरतो. इंजिनाजवळचं काम इंजिनाजवळच ठेवलं आणि डॅशबोर्डपर्यंत फक्त एकच तार, समजून-उमजून नेली, तर हा त्रास संपतो.

आपल्याकडे असल्या गाड्या कमी नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी भंगारातून उभी राहिलेली छोटी जीप २०२१ च्या अखेरीला देशभर गाजली, तीही बाइकसारखी किक मारून सुरू व्हायची. गोकार्ट बनवणारी पॉलिटेक्निकची पोरंही याच वाटेने जातात. सगळ्यांना अडवणारी जागा एकच, म्हणून इथे सविस्तर लिहितो. खालचं सगळं मुख्यतः किकवाल्या, कार्ब्युरेटरच्या स्प्लेंडरला आणि त्याच घराण्यातल्या १०० सीसी इंजिनांना लागू आहे. सेल्फवाल्या आणि पल्सरसारख्या इंजिनांचं पुढे वेगळं सांगितलं आहे.

बाइकची चावी नेमकं काय करते

स्प्लेंडर १९९४ साली आली. तिच्या जुन्या किक मॉडेलमध्ये एसी सीडीआय असतो, म्हणजे इग्निशनला बॅटरी लागतच नाही. मॅग्नेटच्या आत कॉइल प्लेटवर बारीक तारेचे पुष्कळ वेढे दिलेली एक कॉइल असते, तिला एक्सायटर म्हणतात. मॅग्नेट फिरला की ती शंभर-दोनशे व्होल्टचा एसी करंट तयार करते. सीडीआयमधला डायोड तो एका दिशेने पुढे सोडतो आणि आतला कपॅसिटर चार्ज होतो. दुसरी छोटी पल्सर कॉइल (पल्सर बाइकशी हिचा संबंध नाही) योग्य क्षणी इशारा देते, तेव्हा सीडीआयमधला थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) उघडतो आणि कपॅसिटरमधला सगळा साठा एका दमात एचटी कॉइलमध्ये जातो. तिथून तो हजारो व्होल्ट होऊन प्लगला पोचतो. या सगळ्या साखळीत बॅटरीचा कुठेही संबंध नाही. बॅटरी काढून ठेवली तरी स्प्लेंडर किकने सुरू होते, हे अनेकांनी अनुभवलेलं असतं.

मग चावी कशाला? थांबवायला. सीडीआयमधून एक काळी-पांढरी तार बाहेर येते. ती अर्थ केली, म्हणजे इंजिनाच्या बॉडीला जोडली, की एक्सायटरचा करंट कपॅसिटरपर्यंत न जाता बॉडीत उतरतो. पाटाचं पाणी मधेच ओढ्याला सोडलं की खालच्या वावरात पोचत नाही, तसा कपॅसिटर रिकामाच राहतो आणि करंट बंद होतो. बाइकची चावी 'बंद'वर असते तेव्हा तिच्या आत काळी-पांढरी आणि हिरवी (अर्थ) या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. चावी 'चालू' केली की त्या दोन सुटतात, आणि त्याच वेळी बॅटरीची लाल तार काळ्या तारेला जोडली जाऊन हॉर्न, इंडिकेटर यांना पुरवठा मिळतो. म्हणजे एकाच चावीत दोन उलटसुलट स्विच असतात: एक चालू करताना जोडतो, दुसरा चालू करताना तोडतो.

चारचाकीच्या चावीत हा दुसरा, तोडणारा स्विच नसतोच. तिच्यात बॅटरीचे १२ व्होल्ट येतात आणि चावी फिरवली की ते पुढच्या टर्मिनलला मिळतात, बस. आता गाडी बनवणारा माणूस काय करतो? सीडीआयकडून चावीकडे येणारी तार म्हणजे काळी-पांढरी, ती चारचाकीच्या चावीच्या 'इग्निशन' टर्मिनलला जोडतो. चावी फिरवली की काळ्या-पांढऱ्या तारेतून थेट १२ व्होल्ट सीडीआयमध्ये घुसतात. जिथून करंट बाहेर काढून अर्थ करायचा, तिथूनच बॅटरी आत ढकलली. आतला डायोड किंवा थायरिस्टर जातो. कधी चावी फिरवताक्षणी, कधी दोन-तीन दिवस तग धरून. हा तग धरणाराच जास्त फसवतो, कारण माणूस म्हणतो, 'वायरिंग बरोबर होतं, चाललं होतं की!'

पहिली चाचणी: काळी-पांढरी सोडवा

काहीही बदलण्याआधी हे करा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सीडीआयचं कपलर काढून तारांचे रंग बघा. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये काळी-लाल म्हणजे एक्सायटर, निळी-पिवळी म्हणजे पल्सर, काळी-पिवळी एचटी कॉइलकडे जाते, हिरवी अर्थ, आणि काळी-पांढरी ही बंद करण्याची तार. जुन्या वायरिंगवर तेल आणि धूळ बसून लाल रेघ तपकिरी दिसते, पांढरी पिवळट दिसते. पेट्रोलने पुसू नका, कोरड्या फडक्याने पुसा आणि कपलरच्या अगदी आतलं, टेपखाली झाकलेलं टोक बघा, तिथे रंग मूळचा राहिलेला असतो.

आता बारीक पिनेने कपलरमधली काळ्या-पांढऱ्या तारेची पितळी पिन मागून सोडवा आणि ती तार टेप मारून बाजूला बांधा. बाकी कपलर परत बसवा. प्लग काढून कॅपमध्ये घाला, प्लगची धातूची बाजू इंजिनाच्या हेडला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकावर जाड फडकं दाबा म्हणजे पेट्रोलची वाफ ठिणगीपर्यंत येणार नाही. मग जोरात किक मारा.

निळसर, टपटप आवाज करणारी ठिणगी दिसली तर तुमचं इंजिन, मॅग्नेट, सीडीआय, एचटी कॉइल सगळं धड आहे. दोष काळ्या-पांढऱ्या तारेपासून पुढे डॅशबोर्डपर्यंत कुठेतरी आहे. ठिणगी आली नाही तर चावीला हात लावूच नका, दोष इंजिनाच्या बाजूला आहे. या एका चाचणीने अर्धं वायरिंग तपासायची गरजच उरत नाही, आणि तरीही बहुतेक जण ती वगळून थेट दुकानात जातात.

ठिणगी नसेल तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून काळी-लाल ते इंजिनाची बॉडी आणि निळी-पिवळी ते बॉडी असं मोजा, दोन्ही वेळा सीडीआयचं कपलर काढून. दोन्ही कॉइलना दहा-वीस ते काहीशे ओहमच्या दरम्यान रेझिस्टन्स दिसायला हवा. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण तुम्हाला दोन टोकं ओळखायची आहेत: मीटर शून्याच्या जवळ म्हणजे कॉइल शॉर्ट, आणि मीटर काहीच दाखवत नाही म्हणजे तार तुटली. कॉइल ठीक असतील तर हिरवी ते इंजिन बॉडी बघा. तिथे मीटरने सलग बीप द्यायलाच हवा. तो देत नसेल तर खालचा अर्थिंगचा भाग वाचा, सीडीआय अजूनही निर्दोष असू शकतो. हे सगळं बरोबर असेल तरच सीडीआय किंवा एचटी कॉइल बदलून बघायची वेळ येते.

चावी जोडायची कशी

माझं पहिलं मत: चारचाकीची चावी लावूच नका. बाइकची मूळ चावी, तिच्या चार तारांसकट, डॅशबोर्डला बसवा. कंपनीने जो उलटसुलट स्विच दिला आहे तो आयता मिळतो, नवं काही शिकावं लागत नाही, आणि बॅटरी बसली (डिस्चार्ज झाली) तरी किकने इंजिन सुरू होतं. बसवण्याआधी मीटर बीपवर ठेवून काळी-पांढरी आणि हिरवी तपासा. चावी बंद असताना बीप यायला हवा, चालू करताच थांबायला हवा. उलटं असेल तर तुमच्या हातात दुसऱ्याच गाडीची चावी आहे.

पण बऱ्याच जणांना चारचाकीसारखीच चावी हवी असते, आणि त्यात चूक काही नाही. त्यासाठी १२ व्होल्टचा पाच पायांचा रिले (वीज मिळाली की आतला स्विच पालटणारा छोटा डबा) घ्या. त्याच्या खाली ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे आकडे कोरलेले असतात. मधला पाय ८७ए चा असला पाहिजे. इथे एक धोका आहे, तो नीट बघून घ्या: बाजारात पाच पायांचे असेही रिले मिळतात ज्यांच्यावर ८७ हाच आकडा दोनदा असतो, ८७ए नसतोच. ते इथे चालत नाहीत. घेताना उलटा करून वाचा.

जोडणी अशी. चावीच्या इग्निशन टर्मिनलवरून छोटा फ्यूज टाकून तार ८६ ला. ८५ अर्थला. सीडीआयची काळी-पांढरी ३० ला. ८७ए अर्थला, आणि शक्यतो थेट इंजिनाच्या बॉडीला. ८७ रिकामा. या रिकाम्या पायावर टेप मारा, कारण नंतर कोणीतरी वायरमन येतो, 'इथे बॅटरी द्यायची राहिली' म्हणून सवयीने ८७ ला लाल तार जोडतो, आणि चावी फिरवताच पुन्हा तेच १२ व्होल्ट सीडीआयमध्ये.

चावी बंद असते तेव्हा रिले सैल असतो, ३० आणि ८७ए आतून जोडलेले असतात, काळी-पांढरी अर्थ होते, इंजिन बंद. चावी चालू केली की रिले ओढला जातो, ३० सुटतो, इंजिनाला मोकळीक. जोडणी झाल्यावर काळी-पांढरी सीडीआयला लावण्याआधी तिचं मोकळं टोक मीटरने तपासा. चावी चालू असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्या टोकावर शून्य दिसलं पाहिजे. १२ दिसले तर ती तार सीडीआयजवळ नेऊ नका. हा एक मिनिटाचा तपास सीडीआयचे पैसे वाचवतो.

या पद्धतीत एक देवाणघेवाण आहे. बॅटरी पूर्ण बसली असेल तर रिले ओढला जाणार नाही आणि किक मारूनही गाडी सुरू होणार नाही. दुसऱ्या बाजूने, चालत्या गाडीत बॅटरीची तार तुटली तर इंजिन आपोआप थांबेल. लहान मुलं बसणारी गाडी असेल तर मला हा दुसरा गुण महत्त्वाचा वाटतो. पण किक स्प्लेंडरची मूळ बॅटरी १२ व्होल्ट २.५ अँपिअर-अवरची, आणि तिचा मॅग्नेटही बाइकच्या गरजेपुरता. तिच्यावर चारचाकीचा ५५ वॉटचा हेडलाइट आणि मोठा हॉर्न टाकला की बॅटरी बसते आणि मग इग्निशनलाच दोष दिला जातो. दिवे एलईडी घ्या.

लाल बटणाबद्दल दोन शब्द. गोकार्टला किंवा जीपला बाहेरून हात पोचेल अशा जागी तातडीने बंद करण्याचं बटण असावंच. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारं मोठं लाल बटण बहुधा दाबल्यावर तोडणारं असतं, कारखान्यातल्या मशीनला तेच लागतं. एसी सीडीआयला दाबल्यावर जोडणारं हवं. त्याच बटणाच्या मागे बसणारा दुसऱ्या प्रकारचा कॉन्टॅक्ट ब्लॉक मागा, म्हणजे बटण दाबलं की काळी-पांढरी अर्थ होईल. ही जोडणी रिलेला समांतर, थेट इंजिनाजवळ करा, म्हणजे रिले चिकटला तरी बटण चालेल. आणि दर वेळी गाडी काढताना एकदा बटणानेच बंद करून बघा, कारण या तारेची गोम अशी की ती तुटली तर गाडी थांबत नाही, उलट चालूच राहते.

खड्ड्यात बंद पडतं, परत सुरू होतं

काळी-पांढरी कुठेही बॉडीला टेकली की इंजिन बंद पडतं. बाइकवर ती हातभर लांबीची असते. जीपमध्ये इंजिन मागे आणि डॅशबोर्ड पुढे असल्याने ती दोन-अडीच मीटर होते, पत्र्याच्या भोकातून जाते, अँगलच्या कडेवरून वाकते. भोकाला रबरी ग्रोमेट नसेल तर धक्क्याधक्क्याला इन्सुलेशन कापलं जातं. डोळ्यांना फक्त काळ्या तारेवर एक चकचकीत ठिपका दिसतो, तांब्याचा. त्या ठिपक्याने गाडी खड्ड्यात बंद पडते आणि सपाटीवर शहाण्यासारखी चालते.

ओळखायची रीत सोपी: मोकळ्या, सपाट जागेत काळी-पांढरी सीडीआयजवळ सोडवून, बंद करायला दुसरी छोटी तार हाताशी ठेवून, गाडी त्याच उंचवट्यावरून हळू फिरवा. त्रास गेला तर तार बदला. टेप मारून दुरुस्त करू नका, नवी तार ओढा आणि ती पूर्ण लांबीभर काळ्या नालीदार पाइपमधून न्या.

अर्थिंग: सर्वात दुर्लक्षित तार

बाइकमध्ये इंजिन थेट फ्रेमला बोल्टने आवळलेलं असतं. छोट्या जीपमध्ये हादरे कमी व्हावेत म्हणून लोक इंजिनाखाली रबर घालतात, आणि चासीला रेडऑक्साइड मारून वर रंग देतात. दोन्ही गोष्टी चांगल्या, पण इंजिन आणि चासी यांच्यात आता विजेची वाटच उरली नाही. एक्सायटरचं एक टोक इंजिनाच्या बॉडीला, एचटी कॉइलचा लोखंडी गाभा चासीला, सीडीआयची हिरवी कुठेतरी डॅशबोर्डच्या पत्र्याला. करंट मग जी वाट मिळेल ती धरतो: क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, चेन. सेल्फ असलेल्या इंजिनात तर हा करंट एवढा असतो की सेल्फ मारताना क्लच केबल हाताला गरम लागते, केबलच्या आतलं अस्तर वितळतं आणि क्लच जड होतो. क्लच केबल वारंवार तुटत असेल तर आधी अर्थिंग बघा.

इलाज: इंजिनाच्या केसिंगवरच्या एखाद्या भरभक्कम बोल्टपासून चासीपर्यंत, आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड तार. दोन्ही टोकांना दाबून बसवलेलं लग (बोल्टखाली बसणारं धातूचं कडं) हवं, पिळ मारून गुंडाळलेली तार नको. चासीवर जिथे बोल्ट लागतो तिथला रंग चमकता पत्रा दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक इंजिनाच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठेतरी जोड कच्चा आहे.

सीडीआय आणि एचटी कॉइल दोन्ही इंजिनाच्या शेजारीच बसवा. प्लगची जाड वायर लांबवू नका. पल्सरची निळी-पिवळी तार प्लगच्या वायरीला आणि मॅग्नेटच्या चार्जिंगच्या तारांना चिकटून नेऊ नका, नाहीतर खोटा इशारा मिळून इंजिन वरच्या रेसला फटफट करतं. सीडीआय डॅशबोर्डखाली नीटनेटका दिसतो म्हणून तिथे नेण्याचा मोह होतो, त्यासाठी चार तारा लांबवाव्या लागतात. एक काळी-पांढरी लांबवली की पुरतं.

सेल्फवाली इंजिनं आणि पल्सर: इथे नियम उलटा

पल्सरसारख्या बाइकमध्ये डीसी सीडीआय असतो. त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट द्यावेच लागतात, आणि ते तोडले की इंजिन बंद. म्हणजे चारचाकीची चावी इथे सरळ चालते, रिलेचा खटाटोप नको, आणि लाल बटणही दाबल्यावर तोडणारं लागतं. एसी आणि डीसी सीडीआय बाहेरून सारखेच काळे डबे दिसतात, स्प्लेंडरच्याच नावाने दोन्ही प्रकार रस्त्यावर आहेत. अदलाबदल झाली की चालणार नाही, कधी जळेलही. इंजिन कुठल्या प्रकारचं हे कळायला बॅटरी काढून किक मारा: ठिणगी आली तर एसी. किक नसेल तर मॅग्नेटकडून काळी-लाल तार सीडीआयला येते का बघा, येत असेल तर एसी.

डीसी सीडीआयच्या गाड्यांत सारखी येणारी तक्रार अशी: सेल्फ मारताना इंजिन फिरतं पण पेटत नाही, आणि चावी सोडताक्षणी एकदा धडकतं. हे वाचल्यावर बरेच जण ओळखतील. चारचाकीच्या चावीत रेडिओ वगैरेसाठी एक वेगळं टर्मिनल असतं, सेल्फ मारताना ते मुद्दाम तोडलेलं असतं. सीडीआयचा पुरवठा त्यावरून घेतला असेल तर नेमक्या गरजेच्या क्षणी सीडीआय उपाशी राहतो. मीटर सीडीआयच्या पुरवठ्याच्या तारेवर ठेवून सेल्फ मारा. शून्य दिसलं तर तार इग्निशनच्या टर्मिनलवर हलवा.

शून्य नाही पण आठ-साडेआठ व्होल्ट दिसले तर दोष तारेच्या जाडीत आहे. बॅटरी पुढे, इंजिन मागे, जाण्या-येण्याचे मिळून ६ मीटर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स दर एक मीटर लांबीला साधारण ०.००७ ओहम. सेल्फने ६० अँपिअर ओढले तर तारेतच अडीच व्होल्ट गेले, आणि थकलेल्या बॅटरीवर सीडीआयच्या वाट्याला काही उरलं नाही. तेवढ्याच अंतराला १६ चौरस मिलिमीटरची तार घातली तर गळती ०.४ व्होल्टवर येते. त्याहून चांगलं, बॅटरीच मागे इंजिनाजवळ बसवा.

प्लग बॉडीला न टेकवता, मोकळा लोंबत ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की एचटी कॉइल किंवा सीडीआय आतून फुटतो. पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनाला दोन प्लग आणि दोन कॉइल आहेत, तपासताना दोन्ही टेकवा.

वेल्डिंग आणि उष्णता

चासीवर आर्क वेल्डिंग करायचं असेल तर आधी सीडीआयचं कपलर काढा आणि बॅटरी सोडवा. 'काल ब्रॅकेट लावून घेतलं आणि आज करंट नाही' असं कोणी म्हणालं की वायरिंग तपासण्याआधी हेच विचारावं.

गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालून बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर परत सुरू होत असेल, तर कॉइल किंवा सीडीआय तापतोय. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच पल्सर आणि एक्सायटरचा रेझिस्टन्स मोजा. थंडपणी नीट असलेली कॉइल गरम झाल्यावर तुटलेली दाखवत असेल तर कॉइल प्लेट बदला. कॉइल ठीक असतील तर सीडीआयवर ओलं फडकं ठेवा. ठिणगी परत आली तर त्याची जागा बदला, सायलेन्सरपासून दूर, वाऱ्यात. आणि इंजिनालाही वारा द्या: स्प्लेंडरचं इंजिन हवेवर थंड होतं, बाइकवर ते समोरच्या वाऱ्यात असतं, जीपच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याने कोंडलं तर पंखा लावावा लागतो.

अशी गाडी खासगी जागेत, शेतात किंवा ट्रॅकवरच चालवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदलेल्या गाडीतही तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि घरी बनवलेल्या गाडीची तर नोंदणीच नसते.

बीएस-६ चं इंजिन आणलं असेल तर

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ बाइकमध्ये कार्ब्युरेटर गेला आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कंप्युटर) आला. तिथे तारा कापून, दोन जोडून काही होत नाही. विकत घेताना इंजिनाबरोबर त्याच बाइकचं पूर्ण वायरिंग, ईसीयू, चावी, पेट्रोल पंप आणि सगळे सेन्सर घ्या, एकही तार न कापता. मग दोन गोष्टी नक्की बघा. बाइक आडवी पडली की इंजिन बंद करणारा टिल्ट सेन्सर अनेक मॉडेलमध्ये असतो. तो मूळ बाइकवर ज्या दिशेला तोंड करून, जसा उभा होता तसाच चासीवर घट्ट बसवा. वायरिंगला लोंबत ठेवला किंवा आडवा बसवला की ईसीयूला वाटतं बाइक पडली आहे, आणि पंप व करंट दोन्ही बंद होतात. दुसरं, साइड स्टँडचा स्विच. स्टँड नाही म्हणून कपलर मोकळं सोडलं तर ईसीयू स्टँड खाली आहे असं धरू शकतो. स्विच फेकून देऊ नका. आधी स्टँड वर केलेल्या स्थितीत मीटरने त्याच्या तारांचा रेझिस्टन्स मोजा. सरळ जोडणारा साधा स्विच असेल तर मोकळ्या कपलरमध्ये त्या दोन तारा जोडा. मधलाच काही आकडा दाखवत असेल किंवा तीन तारा असतील तर तो चुंबकी सेन्सर आहे, तो स्टँड वर असल्याच्या स्थितीत, चुंबकासकट, पत्र्याला पक्का बांधून ठेवा.